नदीकांठचा आयझॅक वॉल्टन

गळ टाकून मासे धरणाराचें चरित्र शाळेच्या वार्षिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं पालकांच्या मनांत येईल. सुट्टीच्या दिवशीं ओढ्यावर जाऊन बसलेल्या मुलास हांका मारून घरीं आणण्याचें काम त्यांच्यापैकीं पुष्कळांना करावें लागतें, आणि त्यांत आम्ही शिक्षकांनीं आणखी भर घालावी हें त्यांना रुचणार नाहीं. तथापि ज्या गृहस्थाविषयीं आम्ही येथें लिहीत आहों त्याचें गळाविषयींचें पुस्तक १६५३ सालीं निघालें, आजपर्यंत त्याच्या शेंकडों आवृत्त्या झाल्या, आणि ज्यांनीं जन्मांत कधीं गळ हातीं धरला नाहीं असे लोकहि तें आवडीनें वाचीत आले आहेत. त्याच गृहस्थानें पांच धर्मनिष्ठ व विद्वान पुरुषांचीं चरित्रेंहि लिहिलीं. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या एका कापडवाल्याच्या हातून हें घडलें, एवढ्यावरूनहि तो आमच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा व्हावा असें आम्हांस वाटतें.

आयझॅक वॉल्टन याचा जन्म इंग्लंडांतील स्टॅफर्ड या गांवीं १५९३ सालीं झाला. मुलगा चार वर्षांचा होण्यापूर्वींच बाप वारला व आईनें दुसरें लग्न केलें. पुढें मुलगा लंडनला गेला आणि कापडाच्या धंद्यांत शिरला. १६१८ सालीं तो लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यांच्या संघाचा सभासद झाला. कापडवाल्यानें लोखंडवाल्यांच्या संघांत कां जावें, असें आमच्या वाचकांना वाटेल. पण त्या काळच्या लंडनांत कोणत्या तरी संघाचें सभासदत्व असणें हें व्यापाऱ्याला महत्त्वाचें होतें, संघ कोणत्या मालाचा याची चिकित्सा फारशी होत नसे. फ्लीट स्ट्रीट या गजबजलेल्या रस्त्यावर, चॅन्सरी लेनच्या तोंडाजवळ त्याचें दुकान होतें.

या दुकानापासून जवळच सेंट डन्स्टन नांवाचें उपासनामंदिर होतें. १६२४ सालीं तेथें जॉन डन हा पाळक म्हणून आला. डन मोठा कवि आणि त्याहून मोठा उपदेशक होता. त्याच्या मंडळींतील हा कापडवाला हळूहळू त्याचा मित्र बनला, आणि डनच्या द्वारें इतर विद्वानांच्या घरींहि त्याचें जाणेंयेणें सुरू झालें. ज्याचें शालेय शिक्षण बेताचें, त्यानें अशा माणसांच्या संगतींत बसून ऐकावें, विचारावें, स्मरणांत ठेवावें, असा वॉल्टनचा क्रम होता. १६३१ सालीं डन वारला. मरणापूर्वीं त्यानें निवडक मित्रांना देण्याकरितां कांहीं मुद्रा करविल्या होत्या. तांबडे ठिपके असलेल्या हिरव्या खड्यावर, नांगराला खिळलेल्या ख्रिस्ताची आकृति त्यांवर कोरलेली होती. नांगर हें आशेचें चिन्ह होय. त्यांतील एक मुद्रा वॉल्टनला मिळाली.

डनचें चरित्र लिहिण्याचें काम सर हेन्री वॉटन यानें आपल्याकडे घेतलें होतें. वॉटन हा पूर्वीं व्हेनिस येथें राजाचा वकील होता व उतारवयांत ईटनच्या प्रसिद्ध विद्यालयाचा प्रमुख झाला होता. त्यालाहि गळाचें वेड होतें, आणि ईटनजवळ थेम्स नदीच्या कांठीं तो व वॉल्टन मिळून बसत. चरित्राकरितां माहिती गोळा करण्याचें काम त्यानें वॉल्टनवर सोंपविलें. पण १६३९ सालीं वॉटन वारला आणि चरित्र लिहावयाचें राहूनच गेलें. इकडे डनच्या प्रवचनांचा ग्रंथ छापखान्यांत पोंचला होता. त्याला चरित्र जोडलें जाणार नाहीं हें पाहून वॉल्टननें स्वतःच लेखणी हातीं धरली, आणि १६४० सालीं त्याचें पहिलें पुस्तक असें दुसऱ्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कामांतून जन्मास आलें. वॉटनच्या मनांत गळावरहि एक पुस्तक लिहावयाचें होतें. तेंहि राहिलें. तें पुढें कोणी लिहिलें हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल.

ज्या वर्षीं डनचें चरित्र निघालें त्याच वर्षीं वॉल्टनची पत्नी रेचल वारली. तिला सात मुलें झालीं होतीं. त्यांतील एकहि वाढून मोठें झालें नाहीं. वॉल्टनचें पुस्तक इतकें प्रसन्न आहे कीं, त्याच्या कर्त्यानें सात लहान शवपेट्या खांद्यावरून नेल्या होत्या हें वाचतांना विसरावयास होतें. १६४७ सालीं त्यानें ॲन केन हिच्याशीं पुन्हां लग्न केलें. तिचा सावत्र भाऊ टॉमस केन पुढें बिशप झाला. त्यानें रचलेलीं सकाळचीं व सायंकाळचीं गीतें अद्याप उपासनेंत गाइलीं जातात. या दुसऱ्या पत्नीपासून झालेली एक मुलगी व एक मुलगा मात्र जगले.

याच सुमारास इंग्लंडांत राजा व पार्लमेंट यांच्यामध्यें यादवी युद्ध पेटलें होतें. १६४२ पासून पुढें जवळजवळ दहा वर्षें देश त्यांत होरपळला. १६४९ सालीं राजा पहिला चार्लस याचा शिरच्छेद झाला. बिशपांचीं पदें गेलीं, प्रार्थनेचें जुनें पुस्तक वापरण्यास बंदी झाली, आणि वॉल्टनच्या ओळखीचे अनेक पाळक घरादाराला मुकले. वॉल्टन राजपक्षाचा होता. युद्धाच्या ऐन भरांत त्यानें लंडनमधील धंदा सोडला. तो लढाईवर गेला नाहीं. तें त्याचें वयहि नव्हतें. पण एकदां त्यानें आपला जीव धोक्यांत घातला ही गोष्ट नोंदलेली आहे. १६५१ च्या सप्टेंबरांत वूस्टर येथें तरुण दुसऱ्या चार्लसचा पराभव झाला व तो पळाला. त्याचें एक रत्नजडित राजचिन्ह स्टॅफर्ड परगण्यांत लपवून ठेवलें होतें. तें लंडनला पोंचविण्याचें काम वॉल्टनकडे आलें. वाटेंत सांपडला असता तर शिक्षा कठोर झाली असती. अठ्ठावन्न वर्षांच्या या निवृत्त कापडवाल्यानें तें दागिन्याचें ओझें शांतपणें वाहून लंडनच्या किल्ल्यांत कैदेंत असलेल्या कर्नल ब्लेग याच्या हातीं दिलें. पुढें ब्लेग तेथून निसटला व तें राजाकडे पोंचलें.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, १६५३ सालीं, त्याच सेंट डन्स्टनच्या आवारांतील दुकानांत अठरा पेन्सांस एक लहान पुस्तक विकावयास आलें. तेंच वॉल्टनचें गळाविषयींचें पुस्तक. दुसऱ्या आवृत्तींत त्यानें तें पुष्कळ वाढविलें. त्यांत तिघे जण मे महिन्याच्या एका सकाळीं लंडनच्या उत्तरेस टॉटनहॅमच्या टेकडीवर भेटतात. एक शिकारी, एक ससाणे बाळगणारा व एक गळ टाकणारा. जो तो आपापल्या विद्येची थोरवी गातो. गळवाला आपल्या बाजूनें सांगतो कीं, प्रभूनें निवडलेल्या बारा शिष्यांत चार जण मासे धरणारेच होते. पेत्र, अंद्रिया, याकोब व योहान यांचीं नांवें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. ते जाळ्यानें मासे धरीत, गळानें नव्हे, एवढें मात्र आम्हांला सुचवावेसें वाटतें. शेवटीं शिकारी त्याचा शिष्य होतो, आणि दोघे ली नदीच्या कांठानें हिंडत, पावसांत झुडुपाखालीं बसत, गवळणीचें गाणें ऐकत, रात्रीं लॅव्हेंडरच्या वासाच्या स्वच्छ चादरींवर झोंपत दिवस घालवितात. देशांत नुकतेंच रक्त सांडलें होतें, लोक एकमेकांशीं बोलेनासे झाले होते. पुस्तकांत त्याविषयीं ओरड नाहीं. अनोळखी माणसें वाटेवर भेटतात आणि मित्र होतात, इतकेंच त्यांत घडतें.

आतां मुख्य विषयाकडे येऊं. वॉल्टनच्या पुस्तकांत ट्राउट नांवाच्या माशाला मोठा मान आहे. अंगावर तांबडे व काळे ठिपके असलेला हा मासा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यांतच जगतो. आपल्या सह्याद्रीच्या नद्यांत तो नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास इंग्रजांनीं तो काश्मिरांत व निलगिरीवर आणून सोडला, तेथें पाणी थंड म्हणून तो टिकला. त्याला धरण्याचे प्रकार अनेक आहेत. पाऊस पडून पाणी गढूळ झालें म्हणजे गांडूळ, एरव्हीं लहान मासळी, आणि सर्वांत नाजूक प्रकार म्हणजे माशी. आपल्या भाषेंत मासा व माशी या शब्दांत थोडासाच भेद आहे, आणि येथें तर माशीनें मासा धरावयाचा असतो! ही माशी खरी नसते. गळाच्या बारीक आंकड्यावर रेशीम, लोकर व पिसें गुंडाळून ती बनवितात.

ही खटपट कशासाठीं, हें कळण्यास नदींत काय चाललेलें असतें तें पाहिलें पाहिजे. ज्यांना मेफ्लाय म्हणतात ते कीटक जन्माचा बहुतेक काळ नदीच्या तळाशीं चिखलांत व दगडांखालीं काढतात. त्यांच्यांतील मोठ्या जातींना यांत एक-दोन वर्षें लागतात. मग एके दिवशीं ते पृष्ठभागावर येतात, कातडी फाटते, पंख उघडतात, आणि पंख सुकेपर्यंत ते प्रवाहाबरोबर वाहत जातात. पुढें झाडावर जाऊन ते आणखी एकदां कात टाकतात, सायंकाळीं पाण्यावर थव्यानें नाचतात, अंडीं घालतात व मरतात. ट्राउट हा मासा प्रवाहाकडे तोंड करून एका जागीं ठरतो. नदीच त्याचें ताट वाढून आणते. एका जातीचे कीटक हजारोंनीं वाहूं लागले म्हणजे तो तेच टिपतो आणि त्याच्या नाकासमोरून दुसरें कांहीं गेलें तरी ढुंकून पाहत नाहीं. तासाभरानें दुसरी लहानशी जात निघाली कीं पहिलीकडे त्याचें दुर्लक्ष होतें. म्हणून सकाळीं जी माशी चालली ती दुपारीं निरुपयोगी ठरते. तिचा आकार, रंग, अंगाची जाडी, सगळें बदलावें लागतें.

एवढ्यानेंहि काम भागत नाहीं. खरा कीटक पाण्याच्या वेगानेंच वाहतो. दोरी मध्येंच जोराच्या धारेंत सांपडली तर ती माशीला ओढूं लागते, माशीमागें पाण्यावर रेघ उमटते, आणि मासा शहाणा होतो. तेव्हां कोठें उभें राहावें, दोरी किती लांब सोडावी, माशी कोणत्या धारेंत टाकावी, हें प्रत्येक खळाळाला व प्रत्येक डोहाला वेगळें ठरवावें लागतें. शिवाय किती खोलीवर, हा प्रश्न राहतोच. कारण मासा कधीं वर आलेला कीटक खातो, तर कधीं वर येत असलेला पाण्याखालींच गट्ट करतो.

या विद्येंत वॉल्टन कितपत पारंगत होता? खरें सांगावयाचें तर फारसा नव्हता. गांडूळ, बेडूक, लहान मासळी यांत त्याचा हात कोणी धरला नसता. पण माशीविषयीं त्यानें जे नियम दिले ते बरेचसे टॉमस बार्कर नांवाच्या समकालीनाच्या १६५१ सालच्या पुस्तिकेवरून घेतले होते, आणि तसें तो सांगूनहि टाकतो. त्यानें बारा माशांची जी यादी दिली ती तर १४९६ सालीं इंग्लंडांत छापलेल्या गळावरील सर्वांत जुन्या पुस्तकापासून एकाच्या वहींतून दुसऱ्याच्या वहींत उतरत आली होती. वर्षभराला बारा माशा, कीं झालें! असल्या यादीचा मोह आमच्या विद्यार्थ्यांना चांगला ठाऊक आहे. परीक्षेच्या आधीं ते आम्हांला तसलीच कांहीं यादी मागत असतात.

पुस्तकाच्या आवृत्तींमागून आवृत्ती निघाल्या. लोक वॉल्टनला या विद्येचा बाप म्हणूं लागले. ऐशीं वर्षांच्या नामांकित लेखकानें तेवढ्यावर स्वस्थ बसावें हें साहजिक होतें. पण माशीचा भाग उणा आहे हें तो जाणून होता, आणि तो कोण भरून काढूं शकेल हेंहि जाणून होता. तो माणूस म्हणजे चार्लस कॉटन.

कॉटन हा वॉल्टनहून सदतीस वर्षांनीं लहान. त्याच्या बापाशीं वॉल्टनची ओळख होती. स्टॅफर्डशायर व डर्बीशायर या परगण्यांच्या सीमेवरून डव्ह नदी चुनखडीच्या कड्यांमधून खळाळत जाते. तिच्या कांठीं बेरेसफर्ड येथें कॉटनचा वाडा होता. कॉटन कवि होता, पण त्याच्या विनोदी कवितांपैकीं कांहीं शाळेंत वाचण्यासारख्या नाहींत. हात सैल, कर्ज भारी. सावकारांचा तगादा पाठीस लागलेला. शेवटीं वडिलोपार्जित घरहि विकावें लागलें. प्रार्थनेचा व मितव्ययाचा भोक्ता असलेल्या वृद्ध वॉल्टनशीं त्याचें कसें जमलें असेल याचें आम्हांला नवल वाटतें. पण जमलें खरें. वॉल्टन त्याला मुलगा म्हणे आणि तो वॉल्टनला बाप म्हणे. १६७४ सालीं कॉटननें डव्हच्या कांठावर गळ टाकणारांसाठीं दगडाची एक चौकोनी खोली बांधली आणि दारावर आपलीं व वॉल्टनचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफून कोरविलीं. ती खोली अद्याप उभी आहे.

माशीविषयीं लिहीन असें कॉटननें वॉल्टनला वचन दिलेलें होतें, पण काम लांबणीवर पडत गेलें. १६७६ च्या आरंभीं पांचवी आवृत्ती छापावयास जाणार असें कळलें, तेव्हां त्याची धांदल उडाली. दहा-अकरा दिवसांत त्यानें सगळा भाग लिहून काढला व १० मार्चला वॉल्टनकडे पाठविला. वॉल्टननें एका अक्षरालाहि नांव न ठेवतां तो आपल्या पुस्तकाचा दुसरा भाग म्हणून छापविला. २९ एप्रिलला त्यानें कॉटनला लिहिलेलें उत्तर उपलब्ध आहे. मध्यें शंभर मैलांहून अधिक अंतर आहे आणि आपल्याला त्र्याऐशींवें वर्ष चालू आहे, पण या दोन्ही गोष्टी विसरून पुढच्या महिन्यांत आपण भेटीच्या यात्रेला निघूं, असा त्याचा आशय आहे. त्या काळचे रस्ते व घोड्यावरचा प्रवास डोळ्यांपुढें आणला म्हणजे या वाक्याचें वजन कळतें.

आणि कॉटननें काय लिहिलें? त्यानेंहि संवादच घातला आहे. एक प्रवासी डोंगराळ वाटेनें घाबरत घाबरत येतो, वाटेंत गळवाल्याची गांठ पडते, तो त्याला घरीं नेतो व डव्हवर शिकवितो. माशा महिन्यांच्या क्रमानें सांगितल्या आहेत; त्या बारा नव्हेत, साठांहून अधिक आहेत. पण यादीपेक्षां त्याची रीत आम्हांला अधिक मोलाची वाटते. नदीवर आल्यावर तो प्रथम केसाळ सुरवंटासारखी एक साधी माशी लावतो. पहिला मासा लागला कीं त्याच्या कल्ल्यांतून बोट घालून अन्ननलिका बाहेर काढतो, चाकूनें उघडतो आणि आज नदींत कोणती माशी खाल्ली जात आहे तें पाहतो. मग तशी माशी लावतो. महिन्याची यादी त्याच्या हातीं असते, पण त्या दिवसाचा निकाल तो माशाच्या पोटांतून वाचतो.

रंगाविषयीं त्याची दक्षता अशीच आहे. लोकर किंवा केस हातांत धरून पाहिले म्हणजे एक रंग दिसतो. तेच डोळा व सूर्य यांच्यामध्यें धरले म्हणजे त्यांतून निराळाच रंग झळकतो. मासा माशीला खालून, उजेडाकडे पाहत असतो, म्हणून केस सूर्यासमोर धरूनच निवडावे, असें तो शिकवितो. हिरवट पिवळ्या मोठ्या मेफ्लायसाठीं त्यानें अस्वलाचे व उंटाचे केस, डुकराच्या राठ केसांमधून विंचरून काढलेली मऊ लव, पिवळी लोकर व रानबदकाचीं पिवळीं रंगविलेलीं पिसें सांगितलीं आहेत. इतर माशांना मोराच्या पिसांचे तंतूहि लागतात. लंडनच्या धर्तीची जाड अंगाची एक माशी पाहिल्यावर गुरु म्हणतो कीं ही आपण दिवाणखान्याच्या खिडकींत टांगून ठेवूं, म्हणजे हंसावयास बरी! डोंगरांतील निर्मळ नदीला बारीक अंगाची माशी लागते, हें शहरच्या कारागिराला माहीत नव्हतें.

कॉटनची काठी पांच-सहा यार्ड लांब असे. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची, काठीच्या टोंकालाच बांधलेली, आणि गळाकडे येतां येतां बारीक होत गेलेली. अगदीं शेवटीं, गळाजवळ, केवळ दोन केस. अशा दोन केसांवर वीस इंचांचा ट्राउट ज्याला बाहेर काढतां येत नाहीं, त्यानें स्वतःला गळ टाकणारा म्हणवूं नये, असें त्याचें मत होतें. मासा ओढूं लागला कीं काठी वांकवावी, हात सैल ठेवावा, घाई करूं नये; जोर केला कीं केस तुटलाच. दोरी बारीक असावी आणि आपण पाण्यापासून दूर असावें, हा त्याच्या शिकवणुकीचा गाभा होय, कारण निर्मळ पाण्यांत मासा मनुष्याला फार लवकर पाहतो. वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें. डोहाचें पाणी स्तब्ध असतां तेथें माशी टाकण्यांत अर्थ नाहीं, वाऱ्यानें त्यावर लहरी उठल्या म्हणजे मग टाकावी. पाणी चढलें असतां माशी मोठी, उतरून निवळलें असतां लहान.

वॉल्टनच्या वाचकांना ही सारी विद्या त्याच्याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागांत मिळूं लागली. त्याच्या स्वतःच्या बारा माशा पहिल्या भागांत तशाच राहिल्या.

वॉल्टनचीं पुढचीं वर्षें बिशप जॉर्ज मॉर्ली याच्या आश्रयानें गेलीं. १६६० सालीं राजा परत आला होता व मॉर्ली प्रथम वूस्टरचा आणि मग विंचेस्टरचा बिशप झाला. १६६२ सालीं वूस्टर येथें वॉल्टनची दुसरी पत्नी वारली. त्यानंतर बिशपाच्या घरींच राहून त्यानें १६६५ सालीं रिचर्ड हूकर याचें व १६७० सालीं जॉर्ज हर्बर्ट या कविपाळकाचें चरित्र प्रसिद्ध केलें. वॉटनचें चरित्र त्यानें पूर्वींच, १६५१ सालीं, लिहिलें होतें. बिशप सँडरसन याचें चरित्र १६७८ सालीं निघालें, तेव्हां लेखकाचें वय पंचाऐशींच्या घरांत होतें. त्याच्या चरित्रांतील तपशिलांत विद्वानांना पुढें चुका सांपडल्या आहेत. पण हर्बर्टसारखा मनुष्य आपल्या खेडेगांवच्या मंडळींत कसा वावरत असेल हें त्यानें जसें दाखविलें तसें क्वचितच कोणी दाखविलें असेल.

१५ डिसेंबर १६८३ रोजीं विंचेस्टर येथें जांवयाच्या घरीं वॉल्टन वारला. त्या हिवाळ्यांत थंडी इतकी कडक पडली कीं लंडनला थेम्स नदी गोठून तिच्यावर बाजार भरला. विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्यें एका लहान उपमंदिरांत त्याचें दफन झालें. तेथें १९१४ सालीं इंग्लंड व अमेरिका येथील गळप्रेमी लोकांनीं वर्गणी करून रंगीत कांचेची खिडकी बसविली. तींत वॉल्टन नदीकांठीं पुस्तक वाचीत बसलेला दाखविला आहे. त्या शहरांतून इचेन नदी वाहते. तिच्यावर जी. ई. एम. स्क्यूज (१८५८–१९४९) नांवाचा एक वकील अनेक वर्षें ट्राउट धरीत असे. त्या काळीं हॅलफर्डच्या मतानें माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे असा दंडक पडला होता. स्क्यूज धरलेल्या माशाच्या पोटांतील कीटक एका लांब चमच्यानें काढून पांढऱ्या बशींतल्या पाण्यांत पसरी आणि पाही. त्याला आढळलें कीं पुष्कळदां मासे पंख न फुटलेले, पाण्याखालचेच कीटक खात असतात. तेव्हां त्यानें माशी बुडवून टाकण्यास आरंभ केला आणि १९१० सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. त्यावरून वादहि पुष्कळ झाला. कॉटनचा चाकू आणि स्क्यूजची बशी यांत सव्वादोनशें वर्षांचें अंतर आहे, हें विंचेस्टरला गेलेल्या माणसाला सहज आठवावें.

मरणाच्या वर्षीं, ९ ऑगस्ट १६८३ रोजीं, नव्वद वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, वॉल्टननें आपलें मृत्युपत्र स्वतःच्या हातानें लिहावयास घेतलें. त्यावर त्यानें डननें दिलेली नांगराची मुद्रा उमटविली. ती त्याच्याजवळ बावन्न वर्षें होती. मित्रांना आंगठ्या, मुलांना पुस्तकें व घरें असे अनेक उल्लेख त्यांत आहेत. स्टॅफर्डजवळ शॅलोफर्ड येथें त्याचें थोडें शेत व घर होतें. त्याच्या उत्पन्नांतून दर वर्षीं आपल्या जन्मगांवच्या दोन गरीब मुलांना धंदा शिकण्यास उमेदवार म्हणून लावावें, एका प्रामाणिक मोलकरणीला किंवा गरिबाच्या मुलीला लग्नासाठीं रक्कम द्यावी, आणि उरेल त्याचा कोळसा घेऊन गोरगरिबांना वांटावा, अशी त्यानें व्यवस्था केली. कोळसा केव्हां वांटावा हेंहि त्यानें लिहून ठेवलें आहे. नाताळांत नव्हे, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यांत किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत, कारण गरिबांना वर्षांतील सर्वांत कठीण दिवस तेच जातात असें त्याच्या पाहण्यांत आलें होतें.